कुत्र्याचा गू उचलला, पण टाकायचा कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाव लहान, घरं एकमेकांना लागून. घरी एक कुत्रं आहे, सकाळी ते सुटं सोडतात. ते शेजारच्या काकूंच्या सारवलेल्या अंगणात घाण करतं, कधी त्यांच्या कुटाराच्या, म्हणजे गुरांच्या भुशाच्या, ढिगापाशी. त्यावरून बोलाचाली झाली. गावात कचऱ्याची गाडी येत नाही. मग उचललेली घाण शेणासोबत उकिरड्यावर टाकली तर चालेल का? नाही तर दुसरं काय करायचं?

उकिरड्यावर टाकू नका. स्वतःच्या आवारात एक झाकणाचा खड्डा करा, त्यात रोजच्या रोज टाका. आणि त्याआधी, कुत्र्याला खायला देण्याची वेळ बदला. यातलं दुसरं काम फुकटाचं आहे आणि शेजाऱ्याची निम्म्याहून जास्त तक्रार त्यानंच मिटते, म्हणून ते आधी सांगतो.

गावातलं कुत्रं सुटं असतं, ते कुठे घाण करायला बसलं हे मालकाला कळत नाही. "माह्या कुत्र्यानंच केलं कशावरून?" हे उत्तर त्यातूनच येतं. पण पोटात अन्न पडलं की आतडी हलतात आणि कुत्रं साधारण पंधरा ते तीस मिनिटांत बसायला जागा शोधतं. पिल्लू तर दहा मिनिटांतच. म्हणून सकाळची भाकर त्याला बांधलेलं असताना द्या, रोज एकाच वेळी. खाऊन झालं की पाच-सहा फुटांचं दावं धरून आपल्याच वाडीच्या कोपऱ्यात न्या. तिथे चार बाय चार फुटांची जागा मोकळी करून थोडी रेती किंवा कुटार पसरा आणि पहिले दोन-तीन दिवस त्याचाच थोडा ताजा गू तिथे राहू द्या, आदल्या दिवशीचा मात्र उचला. वासावरून जागा पक्की होते. बसलं की मग सोडा. संध्याकाळी तेच. पिल्लू आठवड्याभरात शिकतं, मोठं झालेलं कुत्रं तीन-चार आठवडे घेतं. चूक होते ती एकच. लोक आधी कुत्रं सोडतात, ते गावभर फिरून येतं आणि मग त्याला भाकर मिळते. तोवर काकूंचं अंगण झालेलं असतं.

आता शेण आणि कुत्र्याचा गू यांतला फरक. गाय गवत खाते, तिच्या शेणानं आपण घर सारवतो, गवऱ्या थापतो. त्यामुळे हेही खतच, असं वाटणं साहजिक आहे. पण कुत्रं मांस खातं, घाणीत तोंड घालतं आणि त्याच्या पोटातले काही जंत आणि परजीवी माणसालाही त्रास देतात, काही जनावरालाही. यातले चार ओळखून ठेवण्यासारखे आहेत, कारण प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं आहे आणि गू कधी उचलायचा हे त्यावरूनच ठरतं.

पहिला गोल जंत, टोक्सोकारा. त्याची अंडी ताजी असताना लागण करत नाहीत. उबदार, ओलसर मातीत दोन ते चार आठवडे पडून राहिली की तयार होतात आणि मग त्या मातीत वर्षानुवर्षं टिकतात. मातीत खेळून तोंडात बोट घालणाऱ्या लेकरांना ही बाधा होते. अळ्या यकृतात फिरतात, कधी डोळ्यात जातात. अंगणवाडीत मिळणारी जंताची गोळी माणसाच्या जंतांसाठी असते, त्या एका गोळीवर या अळ्यांचा भरवसा ठेवू नका. दुसरा आकडी जंत. पावसाळ्यात त्याची अंडी एक-दोन दिवसांत फुटतात आणि आठवड्याभरात अळी अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरायला तयार होते. पायावर नागमोडी, रोज थोडी पुढे सरकणारी, खाजरी लाल रेघ दिसली तर ती बहुधा हीच. चुना-हळद लावत बसू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तिसरा निओस्पोरा, हा जंत नव्हे, डोळ्यांना न दिसणारा एकपेशीय परजीवी आहे आणि तो गाई-म्हशींचा गर्भ पाडतो. गू पडल्यावर एक ते तीन दिवसांत तो लागण करण्याजोगा होतो. चौथा फीतकृमी, एकायनोकोकस. याची अंडी पडल्या क्षणापासून लागण करतात. माणसाच्या आणि शेळीच्या यकृतात, फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात त्या याच्यामुळे.

म्हणजे पहिल्या तिघांना त्याच दिवशी उचलण्यानं आळा बसतो, चौथ्याला बसत नाही. त्याच्यासाठी कुत्र्याला औषध आणि काय खाऊ घालायचं याचा बंदोबस्त लागतो, तो पुढे सांगतो. रेबीजची भीती अनेकांच्या मनात असते. तो लाळेतून, चाव्यातून पसरतो, विष्ठेतून नाही. लस मात्र दरवर्षी द्यायचीच. आणि गरोदर बाईनं टोक्सोप्लाझ्मा या परजीवीमुळे कुत्र्याच्या विष्ठेपासून दूर राहावं असं सांगितलं जातं ते मांजरीचं आहे, कुत्र्याच्या विष्ठेतून तो येत नाही.

उचलायला विकतचं काही लागत नाही. पाच लिटरची तेलाची प्लॅस्टिक कॅन घ्या, मूठ राहू द्या आणि बूड तिरपं कापा. झाली सुपली. सोबत एक जुनं खुरपं. दोन्हीच्या मुठीला लाल चिंधी बांधून ठेवा, म्हणजे ते खुरपं चुकून निंदणाला किंवा सांबार (कोथिंबीर) काढायला वापरलं जाणार नाही. ही चूक फार होते. फिरायला जाताना पळसाची दोन-तीन पानं किंवा सागाचं एक मोठं पान खिशात ठेवा. पानानं झाकून, चिमटीत धरून उचलता येतं आणि पानासकट खड्ड्यात जातं. कॅरीबॅग नको. शहरात पिशवीला गाठ मारून गाडीत टाकतात, आपल्याकडे ती नालीत किंवा गोठाणावर, म्हणजे गावची गुरं जमतात तिथे, जाते आणि मोकाट गाय ती पिशवीसकट गिळते. पोटात प्लॅस्टिक साचून गाय मेली तर शेजारधर्माचा वाद फारच महाग पडतो. शिवाय पिशवीत कोंडलेला गू सुकत नाही, कुजतही नाही.

पातळ संडास असेल तर तसाच खरवडू नका, पसरतो. वर मूठभर राख किंवा कोरडी माती टाका, दहा मिनिटं थांबा, मग खालच्या इंचभर मातीसकट काढा. सारवलेल्या अंगणातून उचलताना तेवढा पोपडा खरवडून काढा आणि ताज्या शेणानं तो तुकडा सारवून द्या. नुसता उचलून गेलात तर डाग राहतो, आणि काकूंना दिसतो तो डागच. सिमेंटच्या रस्त्यावर राख टाका, खरवडा आणि मग बादलीभर पाणी ओता, पण पाणी कोणाच्या दाराकडे वाहत नाही ना ते बघून. फिनाइल टाकून काम झालं असं समजू नका. वास जातो, जंतांची जाड कवचाची अंडी तशीच राहतात. त्यांना उकळतं पाणी मारतं, किंवा रखरखीत ऊन.

आता खड्डा. पंधरा-वीस किलोचं, भाकर-भातावर पोसलेलं कुत्रं दिवसाला साधारण पाव किलो किंवा त्याहून थोडं जास्त घाण करतं. म्हणजे महिन्याला आठ-नऊ किलो, वर्षाला क्विंटलभर धरून चाला. त्याला दोन फूट लांब, दोन फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा वर्षभर पुरतो. तीन फुटांपेक्षा उथळ केला तर कोंबड्या, डुकरं आणि दुसरी कुत्री तो उकरतात.

जागा निवडताना विहीर, हातपंप, बोअर यांच्यापासून निदान 50 फूट लांब, घराच्या भिंतीपासून दहा फूट, आणि शेजाऱ्याच्या कुंपणाला लागून मुळीच नाही. वाऱ्याकडेही बघा. उन्हाळ्यात आपल्याकडे बाजा अंगणात पडतात, वास कोणाच्या बाजेकडे जातो ते आधी ठरवा.

काळ्या मातीत खड्डा हमखास फसतो, कारण ही माती दोन तोंडांची आहे. मे महिन्यात ती हात जाईल एवढी भेगाळते आणि मृगाच्या पहिल्या जोरदार पावसाचं पाणी त्या भेगांमधून सरळ खाली उतरतं, सोबत खड्ड्यातलंही घेऊन. मग ती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी जिरेनासं होतं. खड्ड्याचा हौद होतो. तरंगणारा गू, माश्या, आणि मोठ्या पावसात सगळं काठावरून शेजाऱ्याच्या दारात. उपाय असा: तळाला चार-सहा इंच मुरूम किंवा विटांचे तुकडे टाका. खड्ड्यात बूड कापलेला जुना ड्रम बसवा, त्याच्या खालच्या फूटभर भागाला बोटाएवढी दहा-बारा भोकं पाडा. ड्रमचं तोंड जमिनीच्या फूटभर वर ठेवा आणि भोवती मातीचा उतरता ओटा चोपून बसवा, म्हणजे पावसाचं पाणी बाहेर वाहतं. तोंडावर पत्रा आणि त्यावर धोंडा. धोंडा नसेल तर पत्रा पहिल्या वावधनात जातो. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या पट्ट्यात पावसाळ्यात पाणी हातभर खोलीवर येतं. तिथे तीन फूट खाली जाऊच नका. खड्डा दीड फूट आणि वरचा ओटा दीड फूट असं करा.

टाकायची रीत: एक सुपली गू, वर दोन सुपल्या कोरडी माती आणि कुटार किंवा धानाचा कोंडा. राख माश्यांना चांगली, पण नुसत्या राखेनं कुजणं मंदावतं, म्हणून ती मातीत मिसळून. उन्हाळ्यात घरमाशी अंडं ते माशी हा प्रवास आठ-दहा दिवसांत उरकते, त्यामुळे झाकलं नाही तर आठवड्याभरात खड्डाच माश्यांचा कारखाना होतो. पूर्ण कोरडा पडला तर तांब्याभर पाणी शिंपडा. चुना वासापुरता ठीक, अंडी मरतील या भरवशावर नको.

वर फूटभर जागा उरली की मातीनं बंद करा, चोपा, आणि दुसरा खड्डा सुरू करा. बंद केलेला दोन वर्षं उकरायचा नाही. त्यावर कडुनिंब, करंज, जास्वंद लावा. पपई, वांगी, भाजीचा वाफा नाही.

उकिरडा का नको ते आता लक्षात येईल. उकिरडा आपण खालीवर करत नाही, अर्धा पाण्यात असतो, तो सगळीकडून सारखा तापत नाही. जंतांची अंडी मरायला ढिगाच्या आतलं तापमान 60 अंशांच्या वर काही दिवस राहावं लागतं. तसं न होता तेच खत उन्हाळ्यात बंडीनं वावरात जातं, थोडं परसातल्या पालक-मुळ्याला, आणि मुळा आपण कच्चा खातो. वरून कोंबड्या दिवसभर तो उकरतात. कोणी म्हणेल मग तापणारं कंपोस्ट करू. करता येतं. दोन भाग कुत्र्याचा गू, एक भाग आरागिरणीचा भुसा, ओल पिळलेल्या फडक्याएवढी. पण ढीग निदान तीन फूट लांब-रुंद-उंच असेल तरच तापतो आणि तेवढा गू जमायला एका कुत्र्याला चार-पाच वर्षं लागतील. एका घरानं या भानगडीत पडू नये.

घरच्या शौचालयात टाकला तर? नुसता गू, माती-पान-राखेशिवाय, आणि तांब्या-दोन तांबे पाणी. दोन शोषखड्ड्यांचं शौचालय असेल तर चालतं, भरलेला खड्डा निदान वर्ष-दोन वर्षं बंद राहत असेल तर. मात्र खड्डा लवकर भरतो हे धरून चाला. जाळणं नको. वरून काळा होतो, आतून ओला राहतो.

कुटाराचा विषय वेगळा काढतो, कारण लोक तो घाणीचा समजतात आणि तो असतो दुधाचा. थंडीत कुत्र्याला कुटाराच्या ढिगात ऊब मिळते, ते तिथेच झोपतं, तिथेच बसतं. तेच कुटार गाय खाते. त्यात निओस्पोरा असला तर पाचव्या-सहाव्या महिन्यात गाभ पडतो आणि लोक दृष्ट काढत बसतात. गाभ पाडणारी इतरही कारणं आहेत, त्यामुळे गाभ पडला की पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचंच. पण कुत्र्याला हा रोग लागतो कुठून? बऱ्याचदा आपणच टाकलेल्या जारेतून (व्याल्यावर पडणाऱ्या वारेतून) आणि पडलेल्या गाभातून. गाय व्याली की जार उकिरड्यावर फेकायची आणि कुत्र्यांनी ती ओढत न्यायची, हे चक्र तोडायचं असेल तर जार आणि पडलेला गाभ तीन फूट खाली पुरा, वर धोंडे ठेवा. हाताळताना हाताला पिशवी बांधा, कारण गाभ पडण्यामागे ब्रुसेला हा जिवाणू असला तर तो माणसालाही लागतो. आणि कुटाराभोवती तुऱ्हाट्यांची ताटी किंवा पऱ्हाट्यांचा कूड कंबरेएवढा उभा करा, खालची फट पूर्ण बुजवून. सोयाबीनचं खळं, ताडपत्रीवरची तूर, घरातली कापसाची गंजी, यांवर कुत्रं चढू द्यायचं नाही हे वेगळं सांगायला नको. दुसऱ्याच्या खळ्यावर तर मुळीच नाही.

शेळीचंही तसंच. कंदुरीला किंवा बाजारच्या दिवशी बोकड कापला की पाण्याचे फोड असलेलं काळीज, फोपसं "हे खायचं नाही" म्हणून कुत्र्यापुढे टाकतात. फीतकृमीची वाट नेमकी तीच आहे. तो भाग पुरा, नाहीतर अर्धा-पाऊण तास खळखळ उकळूनच द्या. अशा घरच्या कुत्र्याला दर सहा आठवड्यांनी प्राझिक्वांटेल हे फीतकृमीचं औषध लागतं, कारण पोटात गेलेला हा जंत साधारण तेवढ्याच काळात अंडी टाकू लागतो. मात्रा वजनाच्या किलोमागे 5 मिलिग्रॅम. बाजारात कुत्र्यांसाठी मिळणाऱ्या, तीन औषधं एकत्र असलेल्या जंताच्या गोळीत बहुधा 50 मिलिग्रॅम असतं, म्हणजे दहा किलोला एक, पंधरा किलोला दीड. पाकिटावरचा आकडा वाचा आणि डॉक्टरांना विचारा. औषध जंत मारतं, अंडी नाही, म्हणून गोळीनंतरचे दोन-तीन दिवस कुत्रं बांधूनच ठेवा आणि सगळा गू खड्ड्यात खोल टाका. पिल्लांना गोल जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी आठव्या आठवड्यापर्यंत, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा, पुढे दर तीन महिन्यांनी. पिल्लं आईच्या पोटातूनच गोल जंत घेऊन येतात, म्हणून "अजून तर दूधच पितं" हे कारण चालत नाही.

उचलताना नजरही टाका. तांदळाच्या कणीसारखं किंवा काकडीच्या बीसारखं दिसलं तर एकायनोकोकसहून मोठा, दुसऱ्या जातीचा फीतकृमी. डांबरासारखं काळं म्हणजे आत रक्तस्राव. पिल्लाला रक्ताळ, भयंकर वासाची हगवण आणि ओकारी असेल तर पार्व्हो हा विषाणूचा रोग समजून त्याच दिवशी दवाखाना. त्या जागेवर विषाणू कित्येक महिने राहतो आणि शेजारची पिल्लं त्यावरून मरतात. तिथली माती खरवडून पुरा आणि फरशी असेल तर लिटरभर पाण्यात चहाचा एक सपाट चमचा ताजी ब्लीचिंग पावडर मिसळून दहा मिनिटं ओलं ठेवा. ग्रामपंचायतीत पाण्यासाठी आणतात तीच पावडर, पण पोतं उघडं पडून वर्ष झालं असेल तर तिच्यात दम राहत नाही. आणि अशा वेळी शेजाऱ्याला आपणहून सांगा, लपवू नका.

बोलण्याची रीत साधी आहे. त्यांनी सांगायच्या आधी आपण सुपली घेऊन जायचं. "काकू, आमच्या कुत्र्यानं घाण केली जी, मी उचलून सारवून देतो" एवढं पुरतं. आपलं की दुसऱ्याचं याची पंचाईत तिथे करू नका, एकदा दुसऱ्याच्या कुत्र्याचं उचललंत तर काही बिघडत नाही. ज्याला शेजाऱ्याला सांगायचं आहे, त्यानं एकटं गाठून सांगावं, पारावर चार लोकांत नाही, आणि गू उचलून त्याच्या दारात फेकू नये. तुळशीवर आणि मोटरसायकलच्या चाकावर मुतण्याचीही तक्रार असते. तुळशीभोवती वीतभर उंच काट्या रोवल्या की ती मिटते.

गल्लीतल्या बेवारशी कुत्र्याला रोज आपल्या दारात भाकर टाकत असाल, तर तिथली घाण उचलायची जबाबदारी तुमची माना. भाकर टाकायची जागा लेकरांच्या खेळण्यापासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब ठेवा, प्राणी जन्म नियंत्रण नियम 2023 मध्येही तसंच आहे. नसबंदी आणि लसीकरण हे त्याच नियमांनुसार स्थानिक संस्थेचं काम आहे. वाद विकोपाला गेला की कोणीतरी विष घातलेला गोळा टाकतं. तो कुत्र्याबरोबर कोंबड्या, मांजरं, कधी लेकरांपर्यंत जातो, आणि जनावर मारणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे.

गावात आठ-दहा घरी कुत्री असतील आणि सगळ्यांना खड्ड्याइतकी जागा नसेल तर हा विषय ग्रामसभेत न्या. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या तारखांच्या सुमारास सभा असतात. अर्ज आठवडाभर आधी द्या. मागणी नेमकी ठेवा: गोठाणाच्या कडेला, पाण्यापासून लांब, चार बाय चार बाय चार फुटांचा झाकणाचा एक सामाईक खड्डा, बाजूला मातीचा ढीग आणि एक सुपली. आणि कुत्रं कुठे न्यायचं नाही याचा ठराव: पिण्याच्या पाण्याची विहीर, हातपंपाचा ओटा, अंगणवाडी, शाळेचं मैदान, बाजाराचे ओटे. दंडाची रक्कम पहिल्याच सभेत काढू नका, चर्चा तिथेच अडकते. खड्डा आधी होऊ द्या.